आडव्या फांदीचं कलम

झाडं विकणारे पुष्कळ भेटतील, लावणारे त्याहून जास्त, आणि लावताना फोटो काढून घेणाऱ्यांची तर गोष्टच सोडा. मी यातलं काहीच केलं नाही. मी मुळं फुटवायचं काम केलं. परळला रेल्वेच्या भिंतीला लागून एक खासगी नर्सरी होती. तिच्या मागच्या अंगाला हिरव्या जाळीची शेड होती. त्या शेडमध्ये माझी नोकरी सुरू झाली आणि तिथेच संपली. गिऱ्हाईक पुढच्या दाराने यायचं आणि कुंडी घेऊन जायचं. त्या कुंडीतल्या झाडाची आधी कुणीतरी डहाळी कापलेली असते, ती खोचलेली असते, आणि ती जगते की मरते याची वाट बघत कुणीतरी बसलेलं असतं, हे त्यांच्या गावीही नसे.

या अंकाचे संपादक मला म्हणाले, “कांबळेबाई, गुलाबावर लिहा. लोकांना आवडतं.” गुलाबाची काडी मन लावून लावली की लागते, त्यावर लिहायचं काय? माझ्या वाट्याला आली ती सूचिपर्णी. म्हणजे मोरपंखी, जुनिपर, आणि ज्याला सगळी मुंबई ख्रिसमस ट्री म्हणते ते अरोकेरिया. ही हट्टी मंडळी. यांच्या कलमाला बुडाशी ऊब लागते आणि डोक्याला गारवा, आणि आपलं शहर दोन्हीकडे ऊबच देतं. त्यात आणखी एक फसवणूक असते. जास्वंदीची काडी मेली तर चार दिवसांत काळी पडून मोकळी होते. सूचिपर्णीची काडी मेल्यानंतरही महिनोन्‌महिने हिरवीच दिसते. नवीन माणूस खूश होतो, पाणी घालत राहतो. मी रोज सकाळी शेडमध्ये गेले की ट्रेवरून हात फिरवायचे आणि एखादी काडी अलगद वर ओढून बघायचे. मातीने धरून ठेवलं तर मूळ आहे. सुटून हातात आली तर हिरवेपणाला काही अर्थ नाही.

मूळ फुटलं म्हणजे काम झालं असंही नाही. ते कसं फुटलं यावर झाड पुढे आयुष्यभर कसं वागणार ते ठरतं. नुसत्या वाळूत खोचलं तर मुळं लांब आणि ठिसूळ येतात, कुंडी बदलताना काचेसारखी मोडतात. कोकोपीटमध्ये ती बारीक आणि दाट येतात. मुळं फुटवायची रूटिंग पावडर जास्त लावली तर बूड भाजतं. मोरपंखीची डहाळी कात्रीने कापण्यापेक्षा बुडाशी लागून येणाऱ्या जुन्या सालीच्या टाचेसकट खाली ओढून काढली तर लवकर लागते. हे सगळं पुस्तकात मिळतं. पण एका दादरच्या गृहस्थांना ते मला तोंडी समजावावं लागलं. त्यांनी दाराच्या दोन्ही बाजूंना दोन मोरपंखी लावल्या होत्या. त्यातली एक काही वर्षांनी कलली. ती ते टॅक्सीत घालून भांडायला घेऊन आले.

“हे दाराबाहेर वाकून बघतंय. येणारा-जाणारा हसतो आम्हाला.”

मी कुंडी उपडी केली. मुळं सगळी एका अंगाला. ती काडी आमच्याकडची नव्हतीच, त्यांनीच पहिल्या झाडावरून घरी केलेली होती. खोचताना कुंडीच्या कडेला टेकवून तिरकी खोचली होती. मी ते दाखवलं तेव्हा गृहस्थ म्हणाले, “तेव्हा तर इतकुशी होती हो.” तेव्हा सगळं इतकुसंच असतं. माझ्या धंद्यातलं दुःख तेच आहे की चूक झाली ती दिसायला वर्षं लागतात, आणि ती दिसते तेव्हा तिच्यावर एवढं मोठं झाड उभं असतं.

पण मला लिहायचंय ते मानकरांबद्दल. निवृत्तीच्या आधीची शेवटची मोठी गोष्ट ती, आणि अजून ती माझ्या मनातून गेलेली नाही.

मानकर गिरगावातले जुने. खालचे दोन मजले भाडेकरूंचे, तिसऱ्यावर हे, आणि इमारत एके काळी सगळी यांच्याच आजोबांची. काका आर्किटेक्ट होते, निवृत्त झालेले. एके दिवशी ते शेडपर्यंत चालत आले. एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक डहाळी. डहाळी अरोकेरियाची होती.

“याचं सरळ झाड करून हवंय,” ते म्हणाले. “मी घरी केली. जगतात. पण उभी राहत नाहीत. माझंच काहीतरी चुकतंय.”

जगतात म्हटल्यावर मी काम बाजूला ठेवलं. अरोकेरियाची काडी घरच्या घरी जगवणारा माणूस मला तोवर भेटला नव्हता. मी म्हटलं, “मला बघू द्या तरी.”

दुसऱ्या दिवशी गिरगावात गेले. अंगणात एकच झाड, इमारतीपेक्षाही उंच गेलेलं अरोकेरिया, आणि त्याच्या फांद्या तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत थेट शिरलेल्या. गॅलरीत कठड्याला लागून कुंड्यांची रांग होती. प्रत्येक कुंडीत एक झाड आणि प्रत्येक झाडाला बांबूची काठी. झाड काठीला जागोजाग सुती साडीच्या चिंध्यांनी बांधलेलं. गाठी नीट, एकसारख्या, आर्किटेक्टच्या हाताच्या. तरीही प्रत्येक झाडाचं टोक शेवटच्या गाठीतून सुटल्यासुटल्या आडवं वळलेलं. वाऱ्याने नाही, उजेडाकडेही नाही. जिकडे जाईल तिकडे, पण आडवं.

आत पलंगावर काकू उशीला टेकून बसल्या होत्या. गुडघे गेलेले, फारशा हिंडत नसत. त्यांनी मला चहा विचारला आणि म्हणाल्या, “सगळी रात्रंदिवस बांधलेली असतात बिचारी.”

झाड त्यांच्या मुलीने लावलं होतं. शुभा तिचं नाव. शाळेत असताना नाताळाच्या बाजारातून कुंडीतलं रोप हट्टाने आणलं, नाताळ संपल्यावर खाली अंगणात पुरलं. कॉलेजात असताना ती आजारी पडली. बरीच वर्षं अंथरुणावर होती, मग गेली. काकांनी हे मला दोन वाक्यांत सांगितलं आणि लगेच कुंड्यांकडे वळले. ती गेल्यानंतर दर हिवाळ्यात ते या झाडाची एक काडी लावत आले होते. आता इमारत पाडायची होती. बिल्डरने झाड तोडायची परवानगीही काढली होती. आपण दोघं आहोत तोवर शुभाच्या झाडाचं एक तरी सरळ झाड उभं राहिलेलं बघायचं, एवढीच त्यांची इच्छा होती. त्यातली खरी गोष्ट मला पुढे कळली. इतक्या वर्षांत एकही झाड उभं राहिलं नाही, म्हणजे शुभाच्या वेळेसारखंच याही वेळी आपण कुठेतरी कमी पडलो, असं त्या माणसाने मनाशी घट्ट धरलं होतं.

मी विचारलं, “काडी कुठून घेता?”

“इथूनच की.” त्यांनी गॅलरीत आलेली फांदी हाताने धरून दाखवली. “हाताला येते.”

मला सगळं तिथेच कळलं. तिसऱ्या मजल्यावर राहणारा माणूस काय करणार? जे गॅलरीत येतं तेच कापणार. आणि गॅलरीत येते ती आडवी फांदी.

मी त्यांना खाली बसवलं आणि सांगितलं. बहुतेक झाडांच्या कुठल्याही फांदीचं कलम केलं तरी ते काही दिवसांत आपण फांदी होतो हे विसरतं आणि वर जायला लागतं. अरोकेरिया विसरत नाही. आडव्या फांदीची काडी घेतली तर तिला मुळं फुटतील, ती हिरवी राहील, वाढेल, पण आयुष्यभर आडवीच वाढेल. तिला आपण फांदी आहोत हेच ठाऊक असतं. खत घाला, काठी बांधा, जागा बदला, काही उपयोग नाही. उभं झाड होतं ते फक्त शेंड्याच्या काडीचं. शेंडा म्हणजे खोडाचं अगदी वरचं टोक, आणि ते एका झाडाला एकच असतं.

“म्हणजे माझं चुकत नव्हतं?” त्यांनी विचारलं.

“तुमच्या हातात चूक नाही काका. तुमच्या हाताला सगळं लागलंय. एकही मेलेलं नाही.”

मला वाटलं होतं त्यांना बरं वाटेल. त्यांचा चेहरा तसाच राहिला. चूक नसेल तर मग एवढी वर्षं आपण केलं काय, असा काहीसा.

मग मी दुसरी गोष्ट काढली, आणि ती त्यांना मुळीच आवडली नाही. झाड तोडायच्या दिवशी शेंडा घेऊन चालणार नव्हतं. एकच काडी, तीही जाड, लागली तर लागली. ती गेली की संपलं. त्यापेक्षा आधीच शेंडा कापायचा. डोकं उडवलेलं अरोकेरिया गप्प बसत नाही. काही महिन्यांत खोडावर कापाच्या खाली नवे कोंब फुटतात, आणि ते कोंब फांद्या नसतात, शेंडेच असतात. एका शेंड्याचे तीन-चार होतात. तेवढ्या वेळा प्रयत्न करता येतो.

“जिवंत झाडाचं डोकं उडवायचं?” काका उभे राहिले. “ते तसंही जाणार आहे म्हणून? नाही. जाईल तेव्हा अख्खं जाईल.”

आतून काकू म्हणाल्या, “अहो, शेंडा तुम्ही शेवटचा कधी पाहिलात?”

काकांनी मान वर करून गॅलरीबाहेर पाहिलं.

“मी तर किती वर्षं खाली उतरलेली नाही. मला इथून मधलं खोड दिसतं आणि ही फांदी. वर काय आहे ते चिमण्यांना ठाऊक. कापू देत त्यांना.”

माझगावचा पास्कल नारळ उतरवायचा आणि आमच्याकडे मोठ्या छाटणीला यायचा. पावसाळ्यात त्याने साफ नाही म्हटलं. पाऊस संपून खोड कोरडं झाल्यावर आला, वर बघितलं, चप्पल काढून बुंध्याशी ठेवली.

“बाय, वर जायला वांदा नाय,” तो म्हणाला. “पन कापल्यावर फेकू का दोरीने सोडू?”

“फेकलास तर तुला खाली उतरू देणार नाही.”

“बरा. दोरी.”

त्याने शेंडा दोरीने सोडला. मी तो ओल्या गोणपाटात धरला. काका गॅलरीत उभे होते, शेंडा त्यांच्यासमोरून खाली गेला. त्यांनी हात पुढे केला, पण फांदीपलीकडे तो पोचला नाही.

तो शेंडा मी शेडमध्ये लावला. माझ्या हातात जेवढं होतं ते सगळं केलं. बुडाशी ऊब ठेवली, वर फवारा ठेवला, पावडर बेताची लावली. दर रविवारी काकांचा फोन यायचा.

“कसा आहे?”

“हिरवा आहे.”

हिरवा आहे एवढंच सांगायचे, कारण त्यापुढचं मला ठाऊक नव्हतं. होळीच्या सुमाराला एका सकाळी मी तो अलगद ओढला आणि तो माझ्या हातात आला. बूड तपकिरी, गुळगुळीत, एकही मूळ नाही. पानं अजून हिरवीगार. मी तो टाकला नाही, तसाच परत खोचला आणि बाहेर जाऊन पायरीवर बसले. माझ्या नोकरीत अशी शेकडो कलमं मेली असतील. त्यासाठी रडत बसलं तर कामच होणार नाही. पण त्या दिवशी मला रडू आलं. काकांना मी रविवारची वाट न बघता फोन केला. ते एवढंच म्हणाले, “तुम्ही जेवलात का?” आणि फोन ठेवला.

पण खोडाने शब्द पाळला होता. कापाखाली कोंब फुटले होते. तोवर भाडेकरू निघून गेले होते, मानकरांनी दादरला भाड्याचं घर घेतलं होतं, आणि अंगणाभोवती बिल्डरचे पत्रे लागले होते. पास्कल दुसऱ्यांदा चढला आणि कोवळे कोंब टाचेसकट घेऊन उतरला. त्यानंतर लवकरच झाड गेलं. मी बघायला गेले नाही. काकाही गेले नसावेत, कारण त्यांनी कधी त्याचं नाव काढलं नाही.

कोंबांपैकी एक लगेच सुकला, एक कुजला. एक राहिला. तो तसाच उभा होता, ना वाढ ना काही. मी त्याला ओढून बघायचं धाडस कितीतरी दिवस केलं नाही. शेवटी एका सकाळी दोन बोटांत धरून हलकेच वर खेचलं, आणि मातीने तो सोडला नाही. मी आणखी ओढलं नाही. शेडमध्ये कुणी नव्हतं, म्हणून मी त्या कोंबालाच म्हटलं, “बरं केलंस.”

त्याला मोठ्या कुंडीत बदललं, वाट बघितली. त्याने पहिला मजला काढला. अरोकेरियाच्या फांद्या चारी बाजूंना एकाच पातळीवर फुटतात, आम्ही त्याला मजला म्हणतो. फांद्या सगळीकडे सारख्या, मधला शेंडा काठीशिवाय ताठ. तेव्हा मी तो घेऊन दादरला गेले.

लहान घर. सहावा मजला, लिफ्ट होती म्हणून बरं. काकूंचा पलंग खिडकीशी लावलेला. बाल्कनी बेताची, तिच्यात आडव्या झाडांची सगळी रांग कशीबशी बसवलेली, काठ्यांसकट आणि चिंध्यांसकट. घर बदलताना काकांनी टेम्पोत आधी ती चढवली होती, असं काकूंनी सांगितलं.

मी कुंडी टेबलावर ठेवली. काका चष्मा लावून सगळीकडून बघत राहिले. वाकून, एक डोळा मिटून, खोड ओळंब्यात आहे का ते बघितलं.

“याला काठी?” त्यांनी विचारलं.

“नको.”

“कधीच?”

“कधीच नको काका. हे आपलं आपण जाईल.”

त्यांनी मान हलवली. आनंद झाला होता, दिसत होतं. मग म्हणाले, “पण हे इथे ठेवून काय करणार? याला जमीन लागेल. नवी इमारत झाली तरी तिथे अंगण नाही, खाली सगळी गाड्यांची जागा आहे. तुम्ही न्या. जिथे माती असेल तिथे लावा. उभं राहिलेलं बघितलं, माझं काम झालं.”

मी काही बोलायच्या आत काकूंनी बाल्कनीकडे बोट केलं. “आणि या मुलींचं काय?”

मी खरं ते सांगितलं. “त्या अशाच राहणार. पण मरणार नाहीत. बांधलं नाही तर छान पसरतील. कठड्यावरून खाली उतरतील.”

“बांधलं नाही तर,” काकू म्हणाल्या. मग त्या खिडकीकडे वळल्या. बोलल्या तेव्हा माझ्याशी बोलल्या, काकांकडे न बघता. “शुभाला हे रोज सकाळी उठवून बसवायचे. पाठीला उशा, दोन्ही बाजूंना उशा. बसलं की बरं वाटेल, फुफ्फुसं मोकळी होतील, डॉक्टरही म्हणायचे. हे खोलीतून गेले की ती मला म्हणायची, आई, बाबांना सांग ना, मला पडू दे. मला पडलं की बरं वाटतं. मी कधी सांगितलं नाही. म्हटलं, यांना वाईट वाटेल. यांचं तेवढंच तर चाललंय.”

खाली रस्त्यावर कुणीतरी टेम्पो मागे घेत होतं, त्याचा टिकटिक आवाज येत राहिला.

काका हळूच उठले आणि बाल्कनीत गेले. मला वाटलं, त्यांना एकटं राहायचंय, म्हणून मी पिशवी उचलली. पण ते पहिल्या कुंडीशी वाकले आणि वरची गाठ सोडवायला लागले. गाठ जुनी, पाण्याने घट्ट झालेली. नखाने सुटेना. मी माझी कात्री पुढे केली, ती त्यांनी घेतली नाही. बोटांनीच सोडवली, मग खालची, मग त्याखालची. चिंध्या खिशात भरल्या आणि बांबू ओढून काढला.

इतकी वर्षं बांधलेलं झाड काठी काढल्यावर लगेच पडत नाही. लाकूड झालेलं असतं. ते थोडा वेळ तसंच राहतं आणि मग सावकाश एका बाजूला कलायला लागतं. ते कलायला लागलं तशी मी सवयीने त्याला आधार द्यायला हात पुढे केला.

काकांनी माझा हात धरला.

“पडू दे,” ते म्हणाले.